टाकलं असतं, तर असतं

माणूस काही गोष्टी आपल्याबरोबर चितेवर घेऊन जातो, आणि ही त्यांतली एक — असं मी गेली चार वर्षं स्वतःला सांगत आलो. वाक्य भारदस्त आहे. प्रत्यक्षात हे आजवर कुणाला सांगितलं नाही त्याचं कारण एवढंच, की कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर? तर मी खोटं बोललो असतो. एकदा विचारलं होतं, तेव्हा बोललोच.

म्हणजे पहिल्याच परिच्छेदात दुरुस्ती करावी लागली. असू दे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आपण समोरासमोर बसलेलो नाही — एवढ्या सोयी असताना नेमकं बोलायला हरकत नसावी.

गोष्ट एका केबलपासून सुरू होते. काळी, हातभर लांब, एक टोक फोनला आणि एक संगणकाला. दर रविवारी सकाळी पोहे झाले की मी आधी माझा फोन संगणकाला जोडायचो, मग आक्काचा. फोनमधले नंबर, कॅलेंडरातल्या तारखा आणि टिपणं संगणकात उतरवून घ्यायची. संगणकावर काही बदललं असेल तर ते फोनवर चढवायचं. याला सिंक म्हणतात. हल्ली हे आपोआप होतं, हवेतल्या हवेत, हे मला ठाऊक आहे. पण मी निवृत्त ग्रंथपाल. माझ्या नोंदी कुणा परक्याच्या गोदामात राहाव्यात आणि मला पाहायच्या तर त्यानं दार उघडावं, हे मला पटत नसे. केबल डोळ्यांना दिसते; काय कुठून कुठं गेलं ते कळतं. असं मी मानायचो. मानायचो कसलं — येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो.

आक्का माझी थोरली बहीण. पाचोडकडच्या खेड्यांतून ती तीसेक वर्षं नर्स होती. आमच्या वस्तीतली नर्स झालेली पहिली मुलगी ती, आणि तिच्या मागोमाग शाळेत टिकून राहिलेला मी. ती नसती तर पुस्तकांऐवजी मी विटा मोजल्या असत्या. तिचा नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. मी लग्नाच्या वाटेला गेलो नाही. निवृत्त झाल्यावर ती सिडकोतल्या माझ्या घरी राहायला आली.

नोकरी सुटली, पण बाया सुटल्या नाहीत. दिवसभर फोन. ‘शिस्टर, सुनेला सातवा लागलाय, पाय सुजलेत.’ ‘शिस्टर, लेकरू दूध ओढत नाय.’ आक्का त्यांना आधी झापायची. मग कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगायची. आणि मग दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, आपणहून फोन करून विचारायची — गेलीस का? हा दुसरा फोन, हेच खरं तिचं काम. पहिला फोन तर कुणीही घेतं.

कुठल्या बाईला कुठल्या वारी विचारायचं, ते ती फोनच्या कॅलेंडरात टाकायची. शिकवलं मीच. ‘सगळं डोक्यात कशाला ठेवतेस? इथं टाक आणि मोकळी हो.’ तोवर ती डोक्यातच ठेवत होती आणि डोकं असं होतं, की वीस वर्षांपूर्वीच्या बाळाचं वजन विचारलं तरी सांगायची. पावणेतीन किलो, पहाटेची वेळ, लाईट गेलेली.

तिनं नंबर कसे साठवले होते ते सांगतो. ‘जुळे बाजारतळ’. ‘पायाळू’. ‘पायाळू दुसरी’. ‘रडकी सासू’. ‘मोसंबीवाला, बायको बरी’. आडनाव कुठंच नाही. मी एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवलेला माणूस — मला ते बघवेना. तुम्ही म्हणाल, बघवलं नाही तर बघू नये. बरोबर आहे.

एका दिवाळीनंतर मी ते सगळं दुरुस्त करायला घेतलं. आडनाव, नाव, गाव, तालुका. आक्काला शेजारी बसवून विचारायचं, ही पायाळू कोण, हिचं माहेर कुठलं, आणि संगणकात रीतसर भरायचं. मधे शहराचं नाव बदललं होतं, तर पत्त्यांत तेही बदललं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी पाटी लागायच्या आधी माझ्या संगणकात नवं शहर वसलेलं होतं. अकरा रविवार हे चाललं. त्या अकरा रविवारांत मी आक्काचा फोन जोडला नाही. जोडला असता तर तिच्याकडचा पसारा पुन्हा माझ्या स्वच्छ यादीत शिरला असता, नाही का? ‘दुरुस्तीसाठी बंद’, असं मी तिला सांगितलं. ती हसली. ‘लई मोठा सायेब झाला तू,’ म्हणाली.

बाराव्या रविवारी मी केबल जोडली.

संगणक विचारतो: फोनवरचं आणि माझ्याकडचं जुळत नाही, खरं कुणाचं धरू? तीन उत्तरं असतात. फोनचं, संगणकाचं, किंवा दोन्ही एकत्र करा. एकत्र करणं सुरक्षित होतं. पण एकत्र केलं असतं तर माझ्या रीतसर नावांच्या शेजारी ‘रडकी सासू’ पुन्हा येऊन बसली असती. मी संगणकाचं खरं धरलं. मग एक चौकट आली — फोनवरची माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का? आयुष्यभर मी पुस्तकांच्या प्रस्तावनासुद्धा सोडल्या नाहीत. ही दीड ओळ सोडली. माझ्या डोक्यात फक्त नावं होती. नावांच्या खालीच तारखा आणि टिपणं होती, त्यांच्यापुढंही खूण केलेली होती. ‘हो’ म्हटलं.

अर्ध्या मिनिटात झालं.

दुपारी आक्का फोन पुढं धरून माझ्या खोलीत आली. मी चहा पीत होतो. नवी नावं तिनं पाहिली होती, त्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, ‘सिधू, दिवाळीपासून मी टाकलेलं समदं कुठं गेलं रे?’

मला त्याच क्षणी कळलं. हे नीट लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःशी असं बोलू लागलो, की त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं, लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. नाही. कप हातात होता आणि मला कळलं होतं. अकरा आठवडे गेले. तिच्या तारखा, तिच्या बाया, कुणाचं रक्त किती, कुणाला सूज किती — सगळ्यावर माझ्या जुन्या प्रतीचा बोळा फिरला होता.

आणि मी म्हणालो, ‘टाकलं असतं, तर असतं, आक्का.’

हे वाक्य मला सुचलं नाही, ते तयारच होतं. ग्रंथालयात पोरं यायची, शपथा घ्यायची — सर, पुस्तक मी जमा केलंय. मी मान वर न करता म्हणायचो, जमा केलं असतं तर नोंद असती. एकतीस वर्षं म्हणत होतो. त्यांतली काही पोरं खरं बोलत असतील, हा विचार मला त्या दुपारी पहिल्यांदा आला. आला, आणि मी चहाचा घोट घेतला.

आक्कानं पुढं धरलेला फोन खाली घेतला. मग तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. ‘नसंल टाकलं मग,’ म्हणाली आणि गेली.

का केलं मी असं? तिला भ्यालो होतो? तिला कुणी कशाला भ्यावं! खरं सांगितलं असतं तर तिनं मला गाढव म्हटलं असतं, पाठीत एक रट्टा घातला असता, आणि संध्याकाळपर्यंत बसून निम्म्याहून जास्त नोंदी डोक्यातून पुन्हा भरल्या असत्या. उरलेल्यांसाठी चार फोन केले असते. डोकं शाबूत होतं तिचं. पुसलं गेलंय, एवढंच तिला कळायला हवं होतं. पुसलेलं माणूस पुन्हा लिहितो. पण जे लिहिलंच नव्हतं असं सांगितलं, ते काय म्हणून पुन्हा लिहील? माझी चूक अर्ध्या मिनिटाची होती. त्या चुकीबद्दल मी बोलतच नाहीये.

दोन दिवसांनी मंगळवार आला.

आता रेखाबद्दल सांगावं लागेल. रेखा मेंढरंवाल्यांच्या घरातली. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन निघतात; घोड्यावर बिऱ्हाड, आज या शिवारात, उद्या त्या. रेखाचा जन्म आक्काच्याच हातचा. त्या साली रेखाला दिवस गेले होते, सातवा चालू होता, रक्तदाब चढलेला, पायावर सूज. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. कधी दिराचा, कधी बरोबरच्या दुसऱ्या कुणाचा. आक्का दर मंगळवारी फोन करून विचारायची, बिऱ्हाड कुठं पडलंय, आणि तिथून जवळचा दवाखाना कुठला ते सांगायची. जा आणि बीपी मोजून घे, आकडा मला कळव. पुढच्या मंगळवारी कुणाच्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर ती कॅलेंडरातच लिहून ठेवायची. आता वारही नव्हता आणि नंबरही.

तरी तिच्या लक्षात होतं! हेच मी तुम्हाला सांगायला बसलोय. सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘आज मंगळवार ना? मंगळवारी माझा फोन असतो त्या मेंढरंवालीला. रेखाला. बघ बरं तुझ्या संगणकात.’

मी उठून संगणकापर्यंत गेलो. खुर्चीवर बसलो. पाहण्यासारखं काही नाही हे माहीत असताना पडद्याकडे पाहिलं. परत येऊन म्हणालो, ‘काही नाही. झालं असेल तिचं बाळंतपण. म्हणून तूच काढून टाकलं असशील.’

‘मी काढलं?’

‘मग कोण काढणार?’

ती मेथीची काडी हातात धरून बसली. सातवा महिना, आठवा महिना — बोटांवर मोजत असावी. ज्या बाईनं शेकडो बाळंतपणं मोजली, तिचा हिशेब बरोबर होता. आणि समोर तिचा शिकलेला भाऊ बसला होता.

‘व्हय,’ म्हणाली. ‘मीच काढलं असंल.’

पुढच्या मंगळवारी तिनं विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहितो.

महिन्याभरानं रेखाची सासू आली. उंच, काटक बाई. खुर्ची दिली तरी उंबऱ्याशी खालीच बसली. रामराम झाला. पाणी प्यायली. मग सांगितलं. बिऱ्हाड पिशोरच्या पुढं होतं. रेखाचं डोकं दोन दिवस दुखत होतं, मग डोळ्यांपुढं अंधारी, मग झटके. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. शहरात आणलं. रेखा वाचली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

बाई तक्रार करायला आली नव्हती. रेखाला दिलेल्या गोळ्यांचा कागद घेऊन आली होती, कुठली कधी द्यायची ते विचारायला. जाता जाता, जशी हवापाण्याची गोष्ट करावी तसं म्हणाली, ‘शिस्टर, तुमचा फोन यायचा थांबला, तवा आमी समजलो का धोका टळला. म्हनलं, शिस्टर इचारत नाय म्हंजी समदं बरं हाय.’

आक्का म्हणाली, ‘माझ्याकडून चुकलं बाई. आता माझ्या ध्यानात राहत नाय.’

मी तिथंच होतो. दारापासून चार हातांवर. तुम्हाला वाटेल, त्या क्षणी माणूस बोलतोच. मलाही पुस्तकं वाचून तसंच वाटायचं.

आक्कानं तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे दिला. ‘तू वाच. माझा भरवसा नाय.’ मी वाचून दाखवला. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर. माझं वाचन चांगलं आहे. बाईला एका फटक्यात समजलं.

फोन केला असता तर ते मूल वाचलं असतं का? माहीत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही. हे ‘माहीत नाही’ माझ्या फार कामाला आलं. काही महिने मी त्याच्यावरच काढले. पण आक्काला ते ‘माहीत नाही’ मिळालं नाही. तिच्या लेखी सरळ होतं — तिनं नोंद काढून टाकली आणि पोर गेलं.

त्यानंतर ती गॅस बंद केलाय का हे दोनदा पाहू लागली. मग तीनदा. मग मला पाहायला सांगू लागली. दाराची कडी, दुधाचा हिशेब, आज जेवणानंतरची गोळी घेतली की नाही. प्रत्येक गोष्टीला ‘सिधू, तू सांग’. मी सांगायचो. मी फार चांगला सांभाळ करतो असं गल्लीत म्हटलं जाऊ लागलं, आणि मी ते खोडून काढलं नाही.

शेवटी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. भिंतभर प्रशस्तिपत्रं लावलेली; त्यांतल्या एकावर डॉक्टरांचं नाव चुकीचं छापलं होतं, ते मी बसल्या बसल्या शोधून काढलं. डॉक्टरांनी आक्काला तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द दिले आणि थोड्या वेळानं परत विचारले. दोन तिनं सांगितले. तिसऱ्याला थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. आठवत नव्हता म्हणून, की आठवलेलं बरोबर आहे का ते विचारायला? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. विसरण्याचं एखादं ठळक उदाहरण सांगता येईल का?

एकदा विचारलं होतं असं सुरुवातीला म्हणालो, ते हेच विचारणं. बंद खोली, शांत माणूस, कागदावर टेकलेलं पेन. याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, ‘फोनमधल्या स्वतःच्याच नोंदी तिनं पुसल्या, आणि पुसल्याचं तिला आठवत नाही. अकरा आठवड्यांच्या.’ डॉक्टरांनी लिहून घेतलं. आक्का मान हलवत होती. खरं आहे, खरं आहे.

सुरुवात असू शकते, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या. आजार खरोखर होता का? असेलही, वय झालं होतं. असता तर माझी सुटका झाली असती असं नाही. मी पुरवलेला पुरावा बनावट होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

हळूहळू तिनं बायांना सांगायला सुरुवात केली — ‘माझ्या भरवशावर राहू नका गं, दुसऱ्या शिस्टरला इचारा.’ बायांनी पहिल्या-पहिल्यांदा थट्टा समजली. ‘काय शिस्टर, रागावल्या का?’ मग फोन कमी झाले. मग थांबले. ती गॅलरीत फोन मांडीवर घेऊन बसायची. तो वाजला तर दचकायची. रविवारी मी म्हणायचो, आण, सिंक करू, आणि ती निमूट आणून द्यायची. तिच्या फोनमध्ये नवीन काहीच नसायचं. संगणक आणि फोन अगदी तंतोतंत जुळायचे.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. न्यूमोनिया. आठ दिवसांत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गल्लीत मंडप घालून केला. वंदना झाली. मग भाषणं. प्रत्येक वक्ता ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणून उभा राहिला आणि त्यानं तो घेतला. एकानं आक्काला ‘मराठवाड्याची माउली’ केलं. ती पाचोडच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. मागच्या बाजूला कुठकुठल्या गावांहून आलेल्या बाया होत्या, पोरंबाळं होती. त्यांत रेखाची सासू होती आणि तिच्याजवळ एक किडकिडीत मुलगी होती. म्हणजे रेखा. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी मी बोललो. समोर त्या सगळ्या बाया होत्या, ज्यांना वाटत होतं की शिस्टर आपल्याला विसरली. खरं एकाच वाक्यात सांगता आलं असतं. मी माइकवर म्हणालो, ‘अखेरच्या काही वर्षांत आक्काला विस्मृतीनं ग्रासलं. पण आपण तिला विसरणार नाही.’ हे वाक्य मी आदल्या दिवशी लिहून काढलं होतं आणि दोनदा सुधारलं होतं. सुरुवातीला ‘घेरलं’ होतं, ते काढून ‘ग्रासलं’ केलं.

जेवणं उरकत आली तेव्हा रेखा माझ्यापाशी आली. पदर नीट केला आणि म्हणाली, ‘शिस्टरवर आमचा राग नाय, सायेब. इसरतंय माणूस.’

मी हात जोडले.

मग मंडपवाला आला. त्यानं खुर्च्या मोजल्या. दोन कमी भरल्या. त्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडल्या.